सूचकाची कोरी ओळ

मंडळी, पेटी जरा थांबवू या. काका, सूर तेवढा धरून ठेवा — हां, एवढाच पुरे. आणि तुम्ही सगळे माझ्याकडे पाहू नका. त्या पूर्वेच्या दाराकडे पाहा.

ऊन येतं आहे.

विशेष काही नाही त्यात. रोजचंच ऊन. पण पाहा तरी! आधी ते आत येतच नाही. उंबऱ्याबाहेर, तुमच्या चपलांच्या गर्दीत थांबून राहतं — एखाद्या संकोची पाहुण्यासारखं. मग हळूच उंबरा ओलांडतं आणि पहिल्या फरशीवर बसतं. ती फरशी क्षणभर ओली असल्यासारखी दिसते. मग दुसरी फरशी. तिथे कुणाची तरी पाण्याची बाटली आहे. तिच्यातून जाताना ऊन थरथरतं, भिंतीवर एक पातळ लाट उमटते आणि पुसली जाते. उदबत्तीचा धूर इतका वेळ दिसत नव्हता. उन्हात शिरला आणि त्याला अंग आलं. धुळीचे कण तरंगताहेत, कुठे जायचं आहे ते विसरल्यासारखे. आता ऊन खांबाशी आलं. खांबाला टेकलेल्या त्या आजोबांच्या पावलांवर चढलं. आजोबांना कळलेलं नाही. आजोबा झोपले आहेत! असू द्या, असू द्या, उठवू नका! काल्याच्या सकाळी कीर्तनात लागलेली झोप म्हणजे कीर्तनकाराच्या आवाजाला मिळालेली पावतीच!

किती शांत आहे हे ऊन. आपण म्हणतो, ऊन कुणाची बाजू घेत नाही. राजाच्या अंगणात तेवढंच, रंकाच्या अंगणात तेवढंच.

खरंच घेत नाही का, मंडळी?

हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. दुसरा विचारतो, आज माझा खरा प्रश्न तोच आहे. निवडणूक आली की गावोगाव एकच घोष — मत द्या, मत द्या! देता तुम्ही. बोट तुमचं, बोटावरची शाई तुमची, बटण दाबणारं मन तुमचं. कबूल! पण बटणाच्या शेजारी जे नाव असतं, ते तिथे कुणी चढवलं? तुम्ही केंद्रावर जाता तेव्हा यादी तयार असते. एक नाव आहे, दुसरं आहे. तिसरं यायला हवं होतं आणि आलं नाही — ते कुणामुळे? जे नाव आलंच नाही, त्याला मत न दिल्याचा दोष तुम्हाला कसा लागेल? मग दोष लागतो कुणाला? — यावर एक कथा सांगतो. पुराणातली नाही. समुद्राच्या काठची आहे.

काका, द्या सूर!

उजेड येतो, उजेड जातो, दगड राहतो जागी,
मौनामधल्या देवापाशी माणुस उत्तर मागी ॥

हुंबरणे नावाचं एक गाव. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथून थोडं आत. माडांची रांग, रांगेमागे भाताचे मळे, मळ्यांपलीकडे खारबंधारा — भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांब बांध, मधे पाणी अडवायचं एक झडपेचं दार. आणि गावाच्या मधोमध रवळनाथाचं देऊळ. देव पूर्वेला तोंड करून उभा. काळा पाषाण, डोळे मिटल्यासारखे.

या गावाच्या वेशीवर एक पाटी होती. मोठ्या अक्षरांत — ‘बिनविरोध ग्रामपंचायत, हुंबरणे’. तीस वर्षं त्या गावात ग्रामपंचायतीचं मतदान झालं नव्हतं. तीस वर्षं! पोरांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, पण शाईचं बोट आमदार-खासदाराच्या वेळेलाच. येणारेजाणारे म्हणायचे, ‘वा! काय एकी आहे!’

होतीच एकी. पण ती कशी घडायची, ते ऐका.

निवडणूक लागली की अर्ज भरण्याच्या शेवटच्या तीन दिवसांत गाव देवळात जमायचं. प्रभागासाठी दोन नावं पुढे आली, तर कौल लावायचा. गुरव जास्वंदीची पाकळी घ्यायचा, तिचे दोन सारखे तुकडे करायचा, पाण्यात बुडवायचा. एक देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवायचा, एक डाव्या. उजवी पाकळी एकाच्या नावाची, डावी दुसऱ्याच्या. जी आधी गळेल, त्याला देवाचा होकार. तो अर्ज भरणार. दुसरा भरणार नाही. जबरदस्ती? मुळीच नाही! कायद्याने कुणीही भरू शकतो. पण देवाने नाही म्हटल्यावर भरायचा कसा? आणि भरला, तर त्यावर सही कोण करणार?

आता नियम एकच. उजवा खांदा मानाचा, म्हणून तो मानकऱ्यांच्या नावाचा. आलेल्या नव्या नावाला डावा.

न्याय्य वाटतं ना? दोन खांदे, दोन पाकळ्या, मधे देव. वाटतं!

पण देवाच्या उजव्या हाताला, दक्षिणेच्या भिंतीत, एक हातभर खिडकी होती.

या देवळाचा गुरव दिगंबर. गाव त्याला दिगू म्हणे. सव्वीस वर्षांचा. फार लाजाळू! देवापुढे उभा राहिला की धबधब्यासारखं गाऱ्हाणं घालायचा, आणि एसटीत कंडक्टरने ‘कुठे जायचं?’ विचारलं की जीभ टाळूला चिकटायची. एकदा म्हणे तो आपल्या थांब्यापुढे दोन थांबे गेला — ‘थांबवा’ म्हणायचा धीर झाला नाही म्हणून! हसताय? हसा. आपल्यातला प्रत्येक जण कधी ना कधी दोन थांबे पुढे गेलेला आहे.

हा दिगू चौदा वर्षांचा असताना बापाच्या शेजारी बसून कौल पाहत होता. थंडीचे दिवस. सूर्य त्या दिवसांत दक्षिणेला झुकलेला असतो. साडेआठच्या सुमाराला खिडकीतून ऊन आत आलं. आधी भिंतीवर. मग समईवर. मग देवाच्या उजव्या खांद्यावर येऊन टेकलं. पोरगा एकटक पाहत होता. पाकळीची कड उन्हात हळूहळू मुडपली. पाणी आटलं. आणि — टप्! गाव ओरडलं, ‘दिला! देवान कौल दिला!’

डावी पाकळी सावलीत होती. ओलीच्या ओली. तिला काय घाई?

त्या दिवशी पोराने बापाला विचारलं, “बाबा, ऊन पडला म्हणान ती गळली?”

बाप पूजेची भांडी पुसत होता. हात न थांबवता म्हणाला, “आणि ऊन कोण धाडता रे?”

मंडळी, काय सुंदर उत्तर आहे! ऊन देवच धाडतो, म्हणजे कौल देवाचाच! त्यानंतर बारा वर्षं दिगू त्या उत्तराच्या आत राहिला, जसं कुणी घरात राहतं. बाप गेला. गुरवपण त्याच्याकडे आलं. त्यानेही कौल लावले. आणि प्रत्येक वेळी ऊन खांद्यावर यायच्या क्षणाला तो डोळे मिटून घ्यायचा. लोकांना वाटे, केवढी भक्ती!

सुंदर उत्तरांपासून जरा सांभाळून राहावं, मंडळी. त्यांत फार छान झोप लागते.

असं चाललं असताना त्या वर्षी पौषात निवडणूक लागली. आणि रविवारी सकाळी प्रभाग तीनच्या कौलाला एक बाई उभी राहिली — द्वारका मेस्त. खालच्या वाडीतली. नवरा ट्रॉलरवर खलाशी, शिमग्याशिवाय परतायचा नाही. घरात सासू आणि ती. हातात पाण्याने भरलेला तांब्या.

समोर दाजी गावकर. गावचे पहिले मानकरी. आता तुम्ही म्हणाल, बुवा, आला दुष्ट माणूस! छे! दाजी वाईट नव्हते. मऊ बोलणारे, कुणाच्याही मयताला आधी पोचणारे. दाजींनी उभ्या आयुष्यात कुणाला दम दिला नाही. द्यावाच लागला नाही! त्यांचा पुतण्या उल्हास दोनदा प्रभाग तीनमधून बिनविरोध आला होता. तिसऱ्यांदा येणार होता.

“काय गो द्वारके,” दाजी म्हणाले, “तू हंय खंय? तुजी काय मागणी?”

“मागणी नाय, दाजीनु. माजा नाव लावचा आसा.”

“नाव? खंय?”

“प्रभाग तीनाक.”

सभामंडपात हशा. कुणी तरी मागून म्हणालं, “घोव बोटीर आणि बायल पंचायतीत! मेस्तीण आता बंदरार सही करून मासो सोडतली!”

ती मागे वळली. “मासो सोडूक नको रे, बाबल्या. पाणी अडवक होया. बंधाऱ्याचा दार मोडून चार वर्सां झाली. भरती आमच्या मळ्यात येता. आमच्या सात बावी खाऱ्या झाल्यो. तुजी बाव वरच्या वाडीत, तुका हसाक येता.”

उल्हास चटकन म्हणाला, “ठराव घातलंय ना मी, काकी!”

“चार वर्सां ठराव पितंय काय मी?”

हशा उलटला. आता उल्हासवर! दाजीही हसले. हसून म्हणाले, “बरा, बरा. देवाचा दार सगळ्यांक उघडा. दिगू, लाव कौल.”

दिगू पुढे आला. तर द्वारकेने त्याच्यासमोर तांब्या धरला. “ह्यां माज्या बावीचा पाणी. घी, दिगू. तीर्थ म्हणान घी.”

आता पाणी पुढे केल्यावर गुरव नाही कसा म्हणणार? त्याने ओंजळ केली. घोट घेतला. मंडळी — विहिरीच्या पाण्याला मीठ! समुद्राचं मीठ, घशाला धरणारं. त्याने तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं. बाई तांब्या पायरीवर ठेवून बाजूला उभी राहिली.

मग गाऱ्हाणं! तुम्हीही साथ द्या —

“बा देवा रवळनाथा, महाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इलीत, महाराजा!”

म्हणा! — ‘व्हय म्हाराजा!’

“प्रभाग तीनाचो निवाडो तू कर, महाराजा!”

— ‘व्हय म्हाराजा!’

“जो खरो, तेका पुढे कर, महाराजा!”

— ‘व्हय म्हाराजा!’

छान! बघा, ‘व्हय’ म्हणायला किती सोपं असतं!

पाकळ्या चिकटल्या. उजवी उल्हासची, डावी द्वारकेची. गाव वाट पाहत बसलं. खिडकीत ऊन आलं. भिंत. समई. खांदा. दिगूने डोळे मिटले. पण या वेळी तोंडात मिठाची चव होती, आणि मिटल्या डोळ्यांनाही ती दिसत होती!

टप्. उजवी.

द्वारकेने देवाला हात जोडले. म्हणाली, “तीन वेळ मागूची रीत आसा. उद्या परत मागतंय.” आणि गेली.

सोमवारी ती आली ती एकच विनंती घेऊन. “माजा नाव उजवीकडे लावा.”

सभेला वाटलं, जणू तिने देवाचा मुकुट मागितला! एक म्हातारा बोटाने कपाळ ठोकत म्हणाला, “अगो, उजवो मान देवस्थानाचो! पिढ्यानपिढ्यांचो! तो काय पडवीतली टोपली, हंयची थंय ठेवूक?”

“देवाक दोनव खांदे सारकेच ना?” ती म्हणाली. “मग बदलल्यान तर बिघडता काय?”

किती साधा प्रश्न! सगळ्या सभेत त्याचं उत्तर ठाऊक असलेला माणूस एकच होता. तो हातातली जास्वंद न्याहाळत उभा होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच फूल पाहतो आहे. रीत मोडली नाही. उजवी उजवीकडे राहिली. ऊन आलं. टप्.

त्या दुपारी दिगू आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, हार ओवत बसला होता. द्वारका आली. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून तिने त्याच्यासमोर मांडला. तालुक्याला जाऊन अर्ज संगणकावर भरून, छापून आणलेला. नाव, वय, मतदार यादीतला क्रमांक. घोषणापत्र. मुलाबाळांची माहिती. घरी शौचालय असून वापरात आहे, याचा दाखला! देवाला गाऱ्हाणं घालायला एवढे कागद लागत नाहीत, मंडळी, पण पंचायतीला लागतात! सगळं भरलेलं. प्रत्येक पानावर तिची सही — शाळकरी, गोल, ठसठशीत अक्षरांत.

फक्त एक ओळ कोरी होती.

“ही सूचकाची,” ती म्हणाली. “आमच्याच प्रभागातलो एक मतदार होयो. हिचा नाव मी सुचवतंय, इतक्याच लिवन सही करूची. एकच माणूस पुरे.”

“मग... कोणी करूक नाय?”

“सासू म्हणता, देवान नाय म्हटल्यार मी अंगठो कसो लावू? शेजारीण तसाच म्हणता. अख्खी वाडी खारा पाणी पिता आणि तसाच म्हणता.” ती पायरीवर बसली. “दिगू, मी तुका एक विचारूक इलंय. तू देवाच्या जवळ उभो असतंस. तू बघतंस. देवान माका नाय म्हटला? तू ‘व्हय’ म्हण. मी हो अर्ज हंयच फाडतंय.”

दोन अक्षरं. ‘व्हय’ म्हटलं असतं तर खोटं, पण काम संपलं असतं. ‘नाय’ म्हटलं असतं तर खरं, आणि तिथून सगळं सुरू झालं असतं. दिगूने काय म्हटलं?

काही नाही. त्याने हारात एक फूल ओवलं. मग अजून एक.

द्वारका बराच वेळ त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “तुजाव नाव आमच्याच प्रभागात आसा, दिगू. मी यादी बगलंय.” कागद गोळा केले आणि गेली.

अंगणात मंद ऊन होतं. पारिजातकाच्या झाडाखालची सावली इतकी स्थिर होती की वाटावं, ती झाडाआधीपासून तिथे आहे. आणि या मुलाने काय केलं, सांगू? आभाळाकडे पाहून त्याने प्रार्थना केली — ‘देवा, उद्या ऊन पाडू नको.’ केवढी निरागस प्रार्थना! ऊन पडलं नाही, तर दोन्ही खांदे सारखे होतील. देव स्वतःच न्याय करील. आणि मला बोलावं लागणार नाही!

मला बोलावं लागणार नाही. आपल्या किती प्रार्थनांचा गाभा हाच असतो, मंडळी!

आणि देवाने ऐकलं! मंगळवारी, अर्जाच्या शेवटच्या दिवशी, हुंबरणे उजाडलं ते मळभात. आभाळ राखाडी. माडांच्या झावळ्या हलेनात. खाडी आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून गेली होती. होड्या हवेत ठेवल्यासारख्या दिसत होत्या. सगळं गाव जणू कुणाच्या तरी झोपेत चाललेलं. देवळात घंटा वाजली ती लांबून आल्यासारखी.

तिसरा कौल. गाऱ्हाणं झालं. पाकळ्या लागल्या. नऊ वाजले — दोन्ही जागेवर. दहा वाजले. लोक चुळबुळायला लागले. अकरा. एक जण म्हणाला, “देव विचार करता.” दुसरा म्हणाला, “देवाक झोप लागली!” बारा वाजता पोटं बोलायला लागली. पेजेची वेळ ती! कोकणी माणूस एक वेळ देवाला थांबवील, पेजेला नाही!

दाजी उठले. अंगावरचं उपरणं झटकत शांतपणे म्हणाले, “देव गप्प आसा. म्हणजे आदल्या दोन कौलांरच तेची मर्जी. चला, जेवन येवया.” आणि गाव त्यांच्यामागे हळूहळू पायऱ्या उतरलं.

द्वारका उतरली नाही. ती तशीच पुढे आली. अर्ज देवाच्या पायरीवर ठेवला. त्यावर पेन ठेवलं. दारात तिने ठरवून आणलेली रिक्षा उभी होती. तहसील कार्यालय तिथून पाऊण तासावर. तीनला खिडकी बंद.

“दिगू,” ती म्हणाली, “देव माका नाय म्हणाक नाय. आज तर सगळ्या गावान बगल्यान. आता सांग.”

तो पाकळ्यांकडे पाहत होता. उजवी हिरवट काळ्या दगडावर चिकटलेली. डावीही. दोन लाल ठिपके, थेंबाने भिजलेले. गळ, गळ, तो मनात म्हणत होता. डावी, तू गळ. तू गळलीस की मी सही करतो.

“दिगू, एक वाजलो.”

डावी, गळ.

“दिगू...”

पावणेदोनला रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. एकदा. मग दोनदा. द्वारकेने वाकून कागद उचलले. रागावली नाही. तिने पेनसुद्धा उचललं, टोपण लावलं. एवढंच म्हणाली, “वाईच वाट बगलंय हां मी.” जणू तीच उशीर केल्याबद्दल क्षमा मागत होती.

तरीही ती गेलीच तालुक्याला. वाटेत कुणी भेटेल, तिथे कुणी वाडीतला असेल — आशा म्हणतात तिला! खिडकीतल्या कारकुनाने अर्ज चाळला, कोरी ओळ पाहिली, म्हणाला, “ताई, सगळं छान आहे हो. फक्त तुम्हाला सुचवणारं कुणी नाही.” अर्ज परत दिला. घड्याळात तीन वाजले.

आणि इकडे हुंबरण्यात, चारच्या सुमाराला, मळभ निवळलं. पश्चिमेचं पिवळं ऊन देवळाच्या मागच्या भिंतीवर आलं, दगड जरासा सुकला. दोन्ही पाकळ्या गळल्या. आधी कुठली, ते कुणी पाहिलं नाही. गाभाऱ्यात कुणी नव्हतं.

काका, सूर!

उजेड येतो, उजेड जातो, दगड राहतो जागी...

निवडणूक बिनविरोध झाली. वेशीवरच्या पाटीला नवा रंग दिला. बंधाऱ्याचं दार तसंच राहिलं. पुढच्या चतुर्थीपर्यंत खालच्या वाडीतली आठवी विहीर खारी झाली.

मंडळी, गेल्या वर्षी माझं कीर्तन हुंबरण्याला होतं. सकाळी पायरीवर चहा घेत बसलो असता दिगू शेजारी येऊन बसला. मग अचानक ही सगळी हकिगत सांगितली — जशी मी तुम्हाला सांगितली, अगदी तशी. फक्त एक जागा वेगळी होती. तो म्हणाला, “बुवा, त्या दिवशी मी सही करीत होतंय. पण गाव भोवती उभा होता. मानकरी बगत होते. पेन उचलूक दिल्यानी नाय.”

थोड्या वेळाने त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी दाजींचा हात त्याच्या खांद्यावर होता. तिसऱ्यांदा सांगितली, तेव्हा दारात दहा माणसं आडवी उभी होती! प्रत्येक खेपेला देवळातली गर्दी वाढत होती. आवाज बारीक, नजर खाली. खोटं बोलणाऱ्याचा आवाज नव्हता तो. स्वतःला थोपटून निजवणाऱ्याचा होता.

मी विचारलं, “दिगू, एक वाजता दाजी कुठे होते?”

“घराक. पेज जेवक.”

“आणि गाव?”

“गाव... आपापल्या घराक.”

“मग देवळात कोण होतं?”

“ती. मी. आणि देव.”

मी म्हटलं, “मग तुला अडवलं कुणी?”

त्याचं उत्तर सांगतो. पण त्याआधी, मंडळी, मी तुमच्याकडे वळतो, कारण हा प्रश्न एकट्या दिगूचा नाही.

इथे बसलेल्या किती जणांनी आजवर कुणाच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली आहे? हात वर करा. लाजू नका. एक... दोन... त्या खांबामागे? नाही, ते डोकं खाजवताहेत! म्हणजे दोन. तीनशे माणसांत दोन! आणि मतदान किती जणांनी केलं? पाहा, सगळे हात वर! आपण सगळे बटणाचे भक्त. मतदार यादीतलं आपलं नाव आपल्याला वाटतं, त्या एका दिवसापुरतं आहे. नाही हो! त्याच नावाच्या आधाराने दुसऱ्या कुणाचं नाव वर चढू शकतं. ज्याच्यापाशी पैसा नाही, पाठबळ नाही, मान नाही, त्यालाही त्या यादीत एक माणूस लागतो. पाचशे नव्हेत. एक!

आपण काय म्हणतो? चांगली माणसं उभीच राहत नाहीत! मंडळी, ती येतात हो. दारापर्यंत येतात. कागद भरून येतात. दुपारी अंगणात बसून दोन शब्द विचारतात. आणि आपण हारात फुलं ओवत राहतो. मग म्हणतो — रीत होती, काळ वाईट होता, गाव बघत होतं, वरून आदेश होता, देवाची मर्जी नव्हती. ऊन खिडकीतून येतं, हे खरं. पाकळी उन्हाने गळते, हेही खरं. पण कागदावर सही उन्हाने होत नाही. मळभानेही अडत नाही. तिथे देव गप्प राहतो. मला वाटतं, मुद्दाम राहतो. आपण बोलावं म्हणून.

आज घरी जाल, तेव्हा कधी तरी तुमच्यापुढे आलेला एखादा कागद आठवा. अर्ज असेल, साक्ष असेल, तक्रार असेल. तुम्ही केली नाहीत ती सही आठवा. त्या वेळी भोवती कोण कोण उभं होतं, ते एकेक करून मोजा. नीट मोजा.

दिगूने मोजलं. पायरीवर बसून, बोटं दुमडत, मोजलं. चहा निवून गेला. मग मान वर न करता तो म्हणाला,

“बुवा, माका कोणीच अडवक नाय.”